बिलावरचं नाव

आमच्या साडूंइतका विजेवर चिडलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. अकोल्याच्या आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते जगावर ओरडू लागले. अमरावतीला आमच्याकडे आले, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी आमचं मीटर बघत. एकदा मला बाहेर बोलावून म्हणाले, "तुमच्या घरी वीज जळून नाई राहिली, वाहून राहिली." आणि संध्याकाळपर्यंत आमचे तिन्ही जुने पंखे खाली उतरवले. सवलत कुठल्या नव्या पंख्यावर आहे हे त्यांना पाठ होतं. नवे पंखे येईपर्यंत आम्ही कशानं वारा घ्यायचा, हा प्रश्न मात्र त्यांच्या लेखी क्षुल्लक होता.

उन्हाळा लागला की घर थंड राहावं म्हणून ते गच्चीला पांढरा चुना फासत. शेजाऱ्यांनी डोळे दिपतात अशी तक्रार केली, तर त्यांनाच चुन्याचे फायदे तासभर ऐकावे लागले. फ्रीज घ्यायला गेले तेव्हा विक्रेत्यानं वीजबचतीच्या पाच चांदण्यांचं लेबल कौतुकानं दाखवलं. साडूंनी चष्मा चढवून खालची बारीक अक्षरांतली मुदत वाचली. "ह्या चांदण्या तं मागच्याच साली मावळल्या," म्हणाले, आणि दुकानाचा मालक बाहेर येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

मग छतावरच्या सोलरची सबसिडी आली. नियमांचा कागद त्यांनी इतक्यांदा वाचला की घड्यांवर फाटला. कोऱ्या अर्जावर सही मागणाऱ्या एका एजंटाला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं. सगळं जुळलं आणि एका गोष्टीवर अडलं. वीज बिल माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या नावावर होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. नाव बदलल्याशिवाय सबसिडी नाही.

मी त्यांच्याबरोबर अकोल्याच्या वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसानं फॉर्म सरकवला आणि सवयीनं म्हणाला, "मृत ग्राहकाचा दाखला जोडा." साडूंचा आवाज चढला. "गिऱ्हाईक नोती ते. माही बायको होती." फॉर्म तिथेच टाकून ते निघाले.

आता चिडायची पाळी माझी होती. ज्यानं सवलतीसाठी माझ्या घराचे पंखे उतरवले, तो हक्काचे पैसे सोडून निघाला होता. रस्त्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. कागदावरच्या नावासाठी एवढा हट्ट काहून, असंही विचारलं. ते खाली बघत चालत राहिले, तेव्हाच मला थांबायला हवं होतं.

रसवंतीच्या बाकावर बसल्यावर ते बोलले. शेवटच्या उन्हाळ्यात तिनं स्वयंपाकघरात कूलर मागितला होता. यांनी तिच्यापुढे हेच बिल धरलं. "तुह्याच नावाचं हाय म्हटलं, तूच भर. हासली ते. पुन्हा मांगितला नाई," म्हणाले. "कूलरनं वाचली असती असं नाई, भाऊ. पण तेवढा उन्हाळा तं बरा गेला असता." रसाचा ग्लास तसाच राहिला. मला माझे शब्द परत घ्यायचे होते. घेता आले नाहीत.

पंधरा दिवसांनी ते एकटेच जाऊन दाखला जोडून आले, मला न सांगता. छतावर सोलरचे पत्रे चढले, सबसिडी खात्यात आली. पुढे मी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांनी नवं बिल माझ्या हातात दिलं. रक्कम इतकी किरकोळ होती की मी अभिनंदन केलं. ते ऐकतच नव्हते. बिल परत घेऊन त्यांनी वरच्या ओळीत तिच्या जागी आलेलं स्वतःचं नाव बोट फिरवून वाचलं, बराच वेळ.

"चूक काईच नाई याच्यात," ते हळूच म्हणाले.