बर्फात रुतलेली गाडी आणि अमेरिकन साहित्याचे तीन प्रवाह

माझ्या आयुष्यात शौर्याची एकच गोष्ट आहे आणि ती मी सतरा वर्षं पुरवून पुरवून सांगत आलोय. अमेरिकेत, रेडमंडला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको बर्फ बघायला घाटात गेलो, वादळ आलं, गाडी रुतली आणि मी एकटा गुडघाभर बर्फातून चालत जाऊन मदत घेऊन आलो. एवढीच गोष्ट. पण गणपतीचं जेवण असो की कुणाचं डोहाळजेवण, गावात नवीन कुटुंब आलं की कुणीतरी म्हणायचंच, "काका, ती बर्फाची गोष्ट सांगा ना." मग मी आढेवेढे घ्यायचो. आढेवेढे साधारण चार सेकंद चालत.

एरवी मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा भाषेत कळवायच्या, हे माझं काम. यातून कुणी हीरो होत नाही. मुलगी लहान असताना तिच्या नजरेत माझी जी काही पत होती ती या एका गोष्टीवर उभी होती. झोपताना तिला तीच लागायची, आणि गाडी रुतली की ती माझा हात घट्ट धरायची. आता ती सोळा वर्षांची आहे. मी समोर आलो की ती कानात इअरफोन घालते.

गेल्या हिवाळ्यात ती शाळेत अमेरिकन साहित्य शिकत होती. एकदा जेवताना मी विचारलं, काय चाललंय वर्गात. लिटररी मूव्हमेंट्स, ती म्हणाली. म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "इट्स ओके, बाबा. यू वोन्ट गेट इट."

हे मला फार लागलं. राग आला की मी अभ्यासाला बसतो, हा माझा जुना दोष आहे. त्याच शनिवारी मी लायब्ररीतून पुस्तकांची चळत आणली, दोनशे पानी वही घेतली, समास आखला आणि आमच्या नागपूरच्या शाळेत शिकवलं होतं त्या पद्धतीने सुरुवात केली. व्याख्या, कारणे, वैशिष्ट्ये. वैशिष्ट्यांखाली लाल पेनाने रेघ. दोन आठवड्यांत मी अमेरिकन साहित्य संपवलं, निदान मॉडर्निझमपर्यंतचं तरी.

रोमँटिसिझम म्हणजे सिनेमातलं झाडांभोवती पळणं नव्हे, हे पहिल्याच पानावर कळलं. ही मंडळी गावाला कंटाळून रानात जायची. डोंगर, समुद्र, वादळ बघून त्यांचा ऊर भरून यायचा, आणि एकटा माणूस त्यांना अख्ख्या समाजापेक्षा मोठा वाटायचा. पुढे यादवी युद्ध झालं, कारखाने आले, शहरं वाढली. तेव्हा रिअ‍ॅलिस्ट म्हणाले, पुरे झाले तुमचे डोंगर. आता कोपऱ्यावरच्या दुकानदाराबद्दल लिहा, तो बोलतो तसंच लिहा, त्याची फाटकी बाही झाकू नका. मग पहिलं महायुद्ध आलं आणि त्यानंतरच्या मॉडर्निस्टांचा कशावरच पूर्वीसारखा विश्वास बसेना. त्यांनी गोष्टीचे तुकडे केले. शेवट आधी, सुरुवात मधेच कुठेतरी, आणि मुख्य गोष्ट बहुधा सांगायचीच नाही. ती वाचकाने ओळखायची. हे वाचून मला वाटलं, आमच्या ऑफिसात येणाऱ्या तक्रारी याच पंथातल्या लोकांनी लिहिलेल्या असतात.

हे डोक्यात भरल्यावर माझी नजरच बिघडली. शेजारचे काका भर पावसात छत्रीशिवाय घरामागच्या लाकडी डेकवर उभे राहून देवदारांकडे बघतात आणि दर महिन्याला सर्दीने पडतात, ते रोमँटिक. माझी बायको किराण्याच्या यादीत 'कोथिंबीर, मागच्या वेळेसारखी सडकी नको' असं लिहिते, ती रिअ‍ॅलिस्ट. मुलीच्या मेसेजमध्ये कर्ता नसतो, क्रियापद नसतं आणि उत्तर कशाचं दिलंय तेही नसतं, म्हणून ती मॉडर्निस्ट. हे वर्गीकरण मी एका रात्री जेवताना मांडलं. मुलीने एक इअरफोन काढला. तुला हे कुणी सांगितलं, तिने विचारलं. अभ्यास केला, मी म्हणालो. तिने दुसराही काढला. मला आकाश ठेंगणं झालं.

त्या आनंदातच मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. तिला एक प्रोजेक्ट होता. घरात घडलेला एकच खरा प्रसंग तीन प्रकारे लिहायचा, रोमँटिक, रिअ‍ॅलिस्ट आणि मॉडर्निस्ट, आणि तो शाळेच्या लायब्ररीत सगळ्या पालकांसमोर वाचायचा. प्रसंग सुचत नव्हता. मी म्हणालो, बर्फाची गोष्ट घे की.

"पर्फेक्ट," ती म्हणाली. "बट आय हॅव टू इंटरव्ह्यू एव्हरीवन. सेपरेटली."

बायकोने आमटीची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. सतरा वर्षं ती या गोष्टीच्या वेळी गप्प बसत आली होती. त्या गप्प बसण्याचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला त्या क्षणी कळलं.

आता खरं काय घडलं ते सांगतो. घाटात बर्फ असला की टायरला साखळ्या लावा, असा बोर्ड चमकू लागतो, आणि त्या लावायला रस्त्याकडेला एक मोठी मोकळी जागा केलेली असते. तिथे मी गाडी थांबवली, गारठलेल्या हातांनी अर्धा तास खटपट केली आणि साखळ्या मागच्या चाकांना लावल्या. वडिलांच्या खात्याच्या ज्या जीपवर मी नागपुरात गाडी शिकलो तिचा सगळा जोर मागच्या चाकांत होता. आमच्या इथल्या जुन्या गाडीचा जोर पुढच्या चाकांत. म्हणजे जी चाकं गाडी ओढणार ती उघडी, आणि जी नुसती मागून येणार त्यांच्या पायांत वाळे. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. परीक्षेत विचारलं असतं तर आकृतीसकट लिहिलं असतं. गाडी दहा फूट गेली, घसरली आणि त्याच मोकळ्या जागेच्या कडेला असलेल्या बर्फाच्या ढिगात शिरली. घाट आम्ही चढलोच नाही.

म्हणून मुलाखतीच्या आधीचा आठवडा मी बायकोची मनधरणी करण्यात घालवला. न सांगता भांडी लावली. सासूबाईंना आपणहून फोन केला, दोनदा. बायकोने सगळी सेवा करून घेतली आणि वचन कसलंच दिलं नाही. ती पुण्याची आहे, तपशिलाला पक्की. तिची मुलाखत बंद दाराआड तासभर चालली. मी बाहेर एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घड्या घालत उभा होतो. आतून फक्त हसणं ऐकू येत होतं.

त्यानंतर मुलीने आजीला धरलं. माझी आई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिची मला काळजी नव्हती. ज्या दिवशी मी बर्फात होतो त्या दिवशी ती तिच्या घरी होती; तिला काय माहीत असणार. दोघी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत दोन तास बोलत होत्या, निम्मं मराठीत, निम्मं हातवाऱ्यांनी. मुलगी मधूनच वहीत काही लिहायची. मला वाटलं, लोणच्याची कृती चालली असेल.

वाचनाच्या दिवशी मी ऑफिसात एक फार महत्त्वाची मीटिंग निघाल्याचं सांगून बघितलं. बायको म्हणाली, कॅन्सल कर. तेव्हा आम्ही चौघं गेलो. लायब्ररीत खुर्च्यांच्या रांगा होत्या, कोपऱ्यात लिंबू सरबत आणि बिस्किटं. आईचं इंग्रजी थँक यू आणि सॉरीपर्यंतच, म्हणून मी तिच्या शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगायचं असं ठरलं. आपल्या अब्रूचे धिंडवडे ओळीओळीने भाषांतर करून स्वतःच्याच आईला ऐकवायचे, हा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो.

रोमँटिक भाग उत्तम झाला. पोरीने माझा शब्दन् शब्द घेतला होता. पर्वत गरजत होते, आभाळ फाटलं होतं, आणि त्या पांढऱ्या अफाट पसाऱ्यात एक एकटा माणूस छाती काढून चालला होता. मी रंगात येऊन भाषांतर केलं आणि पदरच्या दोन ओळी घातल्या. एका ठिकाणी लांडगा आला. लांडगा मी तिला सांगितलेला नव्हता, पण कुठल्या तरी गणपतीत सांगितला असेल. आई मान डोलवत होती.

मग रिअ‍ॅलिस्ट भाग. त्याची सुरुवातच ओल्या मोज्यांनी झाली. मग साखळ्या, मागची चाकं, दहा फूट. रुतलेल्या गाडीपासून चाळीस पावलांवर सार्वजनिक स्वच्छतागृह होतं, हा तपशील मी कधीच सांगितला नव्हता. बायको साडीवर माझा स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घालून तिथे हात वाळवायच्या यंत्राखाली शेकत उभी होती आणि डब्यातल्या शंकरपाळ्या खात होती. बाहेर मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो. मदत आणायला मी कुठेही गेलो नाही. मदतच आली. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, वाकला, त्याने मागची चाकं बघितली, मग मला बघितलं, आणि विचारलं, तुम्ही घरी रिव्हर्समध्ये जाणार आहात का.

सगळी लायब्ररी हसली. मुलीच्या वर्गाच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी आईला सांगितलं, "मग एक माणूस आला, त्याने थोडी मदत केली." आई म्हणाली, एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात. तेव्हा बायको पलीकडून वाकली आणि तिने सगळं आईला शुद्ध मराठीत, काहीही न गाळता सांगितलं. आईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. "मागच्या चाकांना?" तिने मला विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मी मुलीकडे बघितलं. ती कागदातच बघत होती. मला खरोखर वाईट वाटलं. तिच्या मनात माझी जी काही जागा होती ती आता गेली, असं मला वाटलं, आणि तीही बिस्किटं खात बसलेल्या चाळीस माणसांसमोर.

तिसरा भाग शेवटापासून सुरू झाला. घाटाच्या पायथ्याचा पेट्रोल पंप. भिंतीवरचा फोन. भारतात फोन करायच्या कार्डावरचे लांबलचक आकडे, एक चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. आई, म्हणजे माझी बायको, आत बाथरूममध्ये आहे. बाबा बाहेर एकटा आहे. ती सावकाश वाचत होती आणि वाक्यं आखूड होत चालली होती. मी ताठ बसलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन केला होता. तिकडे पहाट होती. साधी गाडी चालवता येत नाही मला या देशात, असं वाटत होतं. मी आईला विचारलं होतं, "आई, आम्ही परत येऊ का?" तिकडून आई म्हणाली होती, हॅलो, हॅलो, आवाज तुटून राहिला रे, रविवारी कर. आणि लाइन बंद झाली. रविवारपर्यंत माझी भीती ओसरली होती. मी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि सतरा वर्षं त्या कार्डाच्या खराब लाइनीला कधी शिव्या दिल्या, कधी तिचे आभार मानले.

मुलगी आता फोनच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. एक बाई अंधाऱ्या घरात फोन कानाला लावून उभी आहे. लाइन स्वच्छ आहे. पाठीमागून ट्रक जातो तो तिला ऐकू येतो. मुलगा नाक ओढतो ते ऐकू येतं. तो विचारतो तेही ऐकू येतं.

आईने मला कोपराने ढोसलं. "आता काय म्हणून राहिली ती?"

मी भाषांतर करायचं विसरलो होतो. मुलीने कागद खाली केला. माझा बाबा बर्फाची गोष्ट सगळ्यांना सांगतो, ती म्हणाली, आणि धाडसाचा भाग, हा फोन, तेवढा गाळतो. हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती, कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं तसं. मग तिने आजीच्या तोंडची शेवटची ओळ वाचली. ती मी आईच्या कानात कशीबशी मराठीत सांगितली. "ऐकू आलं म्हटलं असतं, तर ये म्हणावं लागलं असतं."

"बरोबर लिहिलंय पोरीनं," आई म्हणाली.

"म्हणजे तुला ऐकू आलं होतं?"

"शेजारी बसून बोलल्यासारखं," आई म्हणाली, आणि तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला.