थेंबात काही हललं नव्हतं

कौतिक म्हणजे माझी बायको. तिच्यासंगे मी शेवटचं काम केलं ते मुनवे निवडायचं. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. त्यांचेच कंद काढून नवी बाग लावायची. तलवारीच्या पात्यासारखं पान असेल तो ठेवायचा, रुंद पानाचा फेकायचा. मी खणून देत होतो, ती कोयत्याने मुळ्या साळत होती. साळता साळता हसून म्हणाली, "पाहा हो, केळीले बी नसतं. तरी तिले कोनी वांझ म्हनत नाही."

मी मान वर केली नाही. पुढचा मुनवा खणायला घेतला.

दोन दिवसांनी ती गेली. छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपली.

आता जे लिहितोय ते मी कुणापाशी बोललेलो नाही—भावापाशी नाही, देवापाशीही नाही, आणि जिला सांगायचं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून हात चालतोय का? असेल. मी चौथी शिकलेला माणूस, माझं अक्षर वाकडं येतं. खोटं मात्र सरळ बोललो, आणि निम्मं आयुष्य बोललो.

गावात मला देवमाणूस म्हणतात. का, ते पुढे येईलच. आधी सरकीचं सांगतो.

केळीबरोबर मी कपाशीही पेरतो. पेरणीआधी सरकी शेणमातीत चोळायची नि पाण्यात टाकायची—भरीव असते ती बुडते, पोचट वर तरंगते. हे बापाने शिकवलं. एखाद्या वर्षी उगवण विरळ झाली तर आम्ही आधी बी तपासतो. जमिनीला शिव्या देत बसत नाही. मग आमच्या घरात पाळणा हलेना तेव्हा सगळ्यांनी एकदम जमिनीलाच बोल का लावला? कुणाला सरकी आठवली नाही? मला आठवली होती. तेच तर सांगायचंय.

धाकट्या भावाला मुलगा झाला, रघुनाथ. त्याच्या बारशासाठी कौतिकने कुंची शिवली. लाल खणाची, काठाला बारीक मोती. आईने ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली. "राहू दे. तुझ्या हातची नको त्याच्या डोक्यावर." कौतिकने घडी घातली, पेटीत ठेवली आणि पंगतीत वाढायला गेली. मी ओट्यावर बसलो होतो. ऐकलं. लाडू खाल्ला.

त्यानंतर आईने दुसऱ्या लग्नाचं काढलं. मला ते—खरं लिहू का?—वाईट वाटलं नाही. पण मनात सरकी होतीच. म्हणून कुणाला न सांगता शहरात, इतवारा पेठेतल्या हकीमसाहेबांकडे गेलो. त्यांच्याकडे पितळी खुर्दबीन होती. डोळ्याला न दिसणारं बारीक ती मोठं करून दाखवायची. शिशीत काय आणायचं ते सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. मीच घातली.

दुसऱ्या दिवशी शिशी घेऊन गेलो. पण त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी अंगणातल्या हौदातलं, शेवाळाजवळचं पाणी आणलं, थेंबभर काचेवर ठेवलं आणि म्हणाले, "पाटील, पहिले ये देखो."

मी डोळा लावला. बाप रे! थेंबात यात्रा भरली होती. लांबट, गोल, केसाळ जीव पळत होते, एकमेकांवर आदळत होते. तेच पाणी मी येताना ओंजळीने तोंडावर मारलं होतं.

हकीमसाहेबांना बोलायची हौस. म्हणाले, विलायतेचे शिकलेले लोक सांगतात, पहिला जीव पाण्यातच उपजला. आमच्या किताबेतही आहे, प्रत्येक जिवंत वस्तू पाण्यापासून केली. "झगडा कुठे आहे? त्याने केलं, एवढं किताब सांगते. कसं केलं ते पाहायला हे दोन डोळे दिलेत. वापरायचे नाहीत का?" मी मान डोलवली. माझं लक्ष शिशीकडे होतं.

मग दुसरी काच ठेवली. बराच वेळ ते स्वतःच पाहत राहिले. पुन्हा एक थेंब, पुन्हा पाहणं. हौस कुठच्या कुठे गेली. हळूच विचारलं, मिसरूड फुटायच्या वयात गालफुगी झाली होती का? झाली होती. सूज गालावरून खाली, जांघेत उतरली होती का? उतरली होती, महिनाभर मला चालता येत नव्हतं.

"देखो," म्हणाले आणि बाजूला झाले.

मी पाहिलं. स्वच्छ होतं सगळं. पोळा संपल्यावरच्या रस्त्यासारखं. एकही जीव नाही, काही हलत नाही.

मी पोचट होतो. बस, एवढंच. कुणाचा शाप नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही. लहानपणीचा आजार. हकीमसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पाणी सगळ्यांना दिलंय. जीव प्रत्येक थेंबात टाकीन असा शब्द त्याने कुणाला दिलेला नाही. यात शरम कसली? घरी जा, बाईला सांग. बिचारी उगाच स्वतःला खात असेल." मी म्हटलं, सांगतो. म्हटलं खरं.

परतताना शहराच्या शनवारा वेशीपर्यंत सांगायचंच ठरवून आलो. वेशीतून बाहेर पडलो आणि ठरवलेलं मागे राहिलं.

घरी आई न् कौतिक दोघी चुलीपाशी होत्या. मी म्हणालो, "हकीमले दाखवलं. माझं सगळं ठीक हाये."

कौतिकच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिने ती काढून स्वतःच्या ताटात टाकली आणि पुढची थापली.

इथे थांबलो असतो तरी... नाही, थांबलो नाही. आई दुसरीचं काढायची तेव्हा मी साफ नाही म्हणायचो. का? माया म्हणून? दुसरी आली असती तर तिचीही कूस रिकामीच राहिली असती आणि लोकांनी दोन जमिनी सोडून बियाण्याकडे पाहिलं असतं. म्हणून नाही म्हणालो. आणि गाव म्हणालं, काय मोठं मन! वांझ बायकोला टाकलं नाही. देवमाणूस!

कौतिकनेही तेच मानलं. हे लिहिताना हात अडतो. ती माझे उपकार मानायची हो. शेतातून दमून आली तरी माझे पाय चेपायची. मी शिवी दिली तरी उलटून बोलायची नाही. ओल्या लुगड्याने उंबराला फेऱ्या घालायची, उपास करून करून दात हलायला लागले तिचे. मी पाय पुढे करायचो. ती चेपायची.

एकदा ती म्हणाली, "मीच जाते हकीमसाहेबांकडे, काही दवा देतील." मी म्हणालो, तो लबाड आहे, पाण्यात किडे सोडून भोळ्या लोकांना दाखवतो. एवढ्यावर राहिलो नाही. बाजारात बोललो, पारावर बोललो. उद्या हकीमने तोंड उघडलं तर कुणी खरं मानू नये, म्हणून आधीच त्याचं तोंड खोटं करून ठेवलं. आमच्या बाया तिकडे जाईनाशा झाल्या. मी सोडलेली गोष्ट हकीमसाहेबांच्या लोकांत पोचेपर्यंत तिला आणखी पाय फुटले. एकदा इतवाऱ्याच्या चौकात त्यांच्याच काही जणांनी त्यांना अडवलं—म्हणे, तुम्ही माणसाला किड्याची औलाद म्हणता? मी पानवाल्यापाशी उभा होतो. हकीमसाहेब चिडले नाहीत. म्हणाले, "अरे भाई, किताबच सांगते, माणसाने पाहावं तो कशापासून झाला. तुम्ही वाचून ठेवून देता. मी वाचतो आणि पाहतोही. पाहणं गुनाह कधीपासून झालं?"

एका वाक्यात सुटले असते. माझ्याकडे बोट केलं असतं तर पुरलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सलाम केला आणि छत्री उघडून पुढे गेले.

कौतिकला कळलं होतं का? केळीचं ते बोलली, त्यात काही होतं का? रोज याचाच विचार करतो. कळलं असेल, तिने मला माफ केलं असेल—असं धरून चाललं तर झोप लागेल. म्हणूनच धरत नाही. मी तिला सांगितलं नाही, तेवढं खरं आहे.

तिच्या तेरवीला घर भरलं होतं. जेवणं उरकल्यावर भावजयीने कौतिकची पेटी उघडली, लुगडी वाटायला. तळाशी कुंची निघाली. लाल रंग विटला होता, मोती तसेच होते. भावजय म्हणाली, "अगंबाई, ही अजून ठेवली! टाका ती. एक वांझ गेली, दुसरी बसलीच हाये घरात."

दुसरी म्हणजे शांती, रघुनाथची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. ती तिथेच भांडी उचलत होती. तिने भांडी ठेवली, फेकायच्या ढिगातून कुंची उचलली, कमरेला खोचली आणि पुन्हा भांडी उचलली.

ओट्यावर भावाचं वेगळंच चाललं होतं. चांदनी गावाला एक मुलगी सांगून आलीय, उद्या सकाळच्या गाडीने बघून येऊ. नागपूर राजधानी होती ते राज्य मोडून आम्हाला भोपाळला जोडलं, तलाठ्याचे कागद हिंदीत यायला लागले. त्यातच दोन बायका चालत नाहीत असा कायदाही आला. मग काय करायचं? पहिलीची काडीमोड करून तिला माहेरी पोचवायची. रघुनाथ गुडघ्यांत मान घालून बसला होता. भाऊ मला म्हणाला, "दादा, तुम्ही देवमाणूस, तुमची गोष्ट वेगळी. सगळ्यांले नाही जमत तसं."

आणि मी—अजूनही काही बोललो नाही. तेरा दिवस झाले होते तिला जाऊन. कुणाची भीती उरली होती? आई नाही, कौतिक नाही. तरी नुसतं "हूं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर जायला अंगणात छकडा जुंपला. भाऊ चढला, भावजय चढली, रघुनाथ कासरा धरून उभा. शांती सडा घालत होती, त्याच छकड्याच्या वाटेवर. मी उठलो आणि बैलांसमोर जाऊन उभा राहिलो.

"कौतिक वांझ नव्हती," म्हणालो. "मी होतो."

भाऊ म्हणाला, "दादा, दुःखात माणूस काहीही—"

"हकीमने काचेखाली दाखवलं होतं. माझंच बियाणं पोचट होतं. घरी येऊन मी खोटं बोललो. तिले जन्मभर बोल लागू दिला. आता जायचं तर जा चांदनीले. पण आधी ह्या पोराचं तपासा."

भावजय मोठ्याने रडायला लागली. माझ्यासाठी की घराच्या अब्रूसाठी, मला ठाऊक नाही. भाऊ छकड्यातून उतरून घरात गेला; अजून तो माझ्याशी बोलत नाही. रघुनाथने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग त्याने बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. "काही बी निघो मोठेबाबा," म्हणाला, "शांती कुठं जानार नाही. हे मले कालच बोलायले पायजे होतं."

माझ्यापेक्षा तो एका रात्रीत शहाणा झाला.

रघुनाथ, शांती आणि मी, तिघं चालतच इतवाऱ्यात गेलो. हकीमसाहेब आता फार म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी उंबऱ्यातच सांगितलं: तुमच्याबद्दल जे पसरलं ते मी पसरवलं, आणि बाईला सांगितलं नाही. ते म्हणाले, "मालूम था, पाटील." माफ केलं म्हणाले नाहीत. मी मागितलीही नव्हती.

रघुनाथचं काम कळल्यावर ते म्हणाले, शिशी उद्या, पाणी आज. आधी जिवंत काय असतं ते पाहायचं, ही त्यांची जुनी रीत. चाचपत खुर्दबीन काढली, फडक्याने पुसली, हौदातला थेंब बोटांच्या अंदाजाने काचेवर ठेवला. "मला आता दिसत नाही. कुणीतरी पाहून सांगा."

रघुनाथ पुढे झाला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, आधी शांतीला पाहू दे.

शांतीने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि डोळा लावला.

"काय दिसतं, बेटी?"

"जीव हायेत बाबा... किती! एक दुसऱ्याले ढकलू राहिला." आणि ती हसली. कौतिक गेल्यापासून आमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा हसलं.

मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. हकीमसाहेब आंधळ्या डोळ्यांनी तिच्याकडे तोंड करून पोरासारखे विचारत होते, डावीकडे पाहा, शेवाळाच्या धाग्यापाशी, तिथे काही हललं का? आणि ती सांगत होती, हललं. हे पाहा, पुन्हा हललं.