वखारीतली लायब्ररी

आमच्या मेडिकल कॉलेजची लायब्ररी बेलापूरच्या खाडीकाठी, मिठाच्या एका जुन्या वखारीत होती. हातभर जाडीच्या भिंती, उंच ओटा, खाडीचं वारं आरपार जावं म्हणून समोरासमोर दारं आणि कौलांखाली झरोके. वखार बंद पडल्यावर तिथे काही वर्षं दवाखाना चालला. मग नवी मुंबई वसू लागली आणि आमची पुस्तकं आली.

ओट्यावर मात्र शेजारच्या दिवाळे गावातल्या कोळी बायका पूर्वीपासून बोंबील सुकवायच्या. खांबाखांबांना दोऱ्या बांधलेल्या. वास पार शरीरशास्त्राच्या कपाटापर्यंत. ग्रंथपाल सरांनी वैतागून झरोक्यांना प्लायवूड ठोकलं होतं.

मी तिथे तात्पुरती असिस्टंट होते. तपासणी समिती येणार होती. सर म्हणाले, "ओटा रिकामा करून दाखवा, मग तुम्हाला कायम करण्याचं बघू."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरून एक वाक्य पाठ करून बायकांकडे गेले. "कृपया आपले मासे इथून हलवावेत."

"काय गो बाय, रेडिओवर बातम्या सांगतेस का?" त्यांच्यातली थोरली म्हणाली. बाकीच्या खो खो हसल्या. "तुजी पुस्तकं काल आली. आमी सासूच्या सासूपासून हाव."

दुसरं वाक्य मी पाठ केलंच नव्हतं. "माझी नोकरी जाईल," एवढंच कसंबसं निघालं.

"मंग ह्ये आदी सांगायचं नाय? उद्या तुजा ओटा रिकामा."

दुसऱ्या दिवशी ओटा धुऊन लख्ख होता. आभाळ मात्र भरून आलेलं. समितीला घेऊन सरांनी वाचनकक्षाचं दार उघडलं. पंखे जोरात फिरत होते आणि कपाटाकपाटांना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील झुलत होते. खाडीकडच्या दाराला कडी नाही, हे बायकांना आमच्याआधीपासून माहीत होतं.

"हे काय?" समितीतल्या वयस्कर डॉक्टरांनी विचारलं. सर माझ्याकडे बघू लागले.

"ऊन नाही ना सर, पंख्याखाली लवकर सुकतात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी एक बोंबील चिमटीत दाबून पाहिला. "सुकतात कुठले? हा आतून ओलाच आहे. एवढ्या दमट जागेत पुस्तकं ठेवता?" मग वर पाहिलं. "ते झरोके कोणी बुजवले?"

आता मी सरांकडे बघू लागले.

प्लायवूड निघालं. ओटा रिकामा होता, हे सरांनाही नाकारता येईना, आणि मला कायम केल्याची ऑर्डर आली. ती बातमी मी थोरलीला सांगायला गेले.

"बरा झाला गो बाय," ती म्हणाली. "मंग ओट्यावर टांगू आता परत?"