तापीतलं बेट आणि आमचा केळीचा तराफा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, आक्कावर. कधी? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या गुरुवारी, भर दुपारी, यावलला आमच्याच ओसरीवर. अन्याय करणाऱ्याचं नाव मी पत्रक काढून चव्हाट्यावर मांडलं असतं. पण गावात पत्रकं मीच लिहितो, त्यामुळे जरा अडचण आहे.

त्या ओसरीवर आमच्या तरुण मंडळाची सातवी सभा भरली होती. विषय : तापीच्या पात्रातल्या बेटावर तीन दिवसांचं शिबिर. आधीच्या सहा सभांत कवायत, प्रार्थना आणि भाषणं (माझी चार!) ठरून गेली होती. बेट पाहिलं होतं एकट्या मगनने, आमच्या चिटणीसाने. तेही भाद्रपदात, काठावरून, डोक्यावर छत्री धरून! त्याने काढलेल्या नकाशात बेटाच्या दोन्ही अंगांनी निळी शाई खळाळत होती.

बेटावर काय असेल, या कुतूहलाने कोणाला झोप नव्हती. कोणी म्हणे मगरी, कोणी म्हणे बुडालेलं देऊळ. मला वाटे, स्वातंत्र्य!

नानांना, म्हणजे वडिलांना, यातलं काहीच वाटत नव्हतं. "शिबिर पार पाड, मंडळ चालू दे. फजिती झाली तर ओसरी बंद, अन् दुसऱ्या दिवसापासून तू केळीच्या बागेत पाणी भरायला!"

म्हणून ठराव कडक केले. एक : बेटावर जलमार्गानेच उतरावे. दोन : घरातल्या बायकांची मदत, भाकरी अथवा सल्ला घेऊ नये. (स्वावलंबन!) खाली अध्यक्ष म्हणून माझी सही.

आक्काचं सासर तापीच्या काठावर. आखाजीला माहेरी आलेली ती ओसरीच्या टोकाला ओल्या कापडावर ज्वारीचे बिबडे (आमच्याकडचे पापड) थापत होती. तिने मान वर केली.

"भाऊ, बेटवर जावाले तराफा कसाले रे? माले इचार ना..."

मी पाटावर मूठ आपटली. "आक्का! ठराव क्रमांक दोन! सभेत बोलायचं नाही."

"बरं. नही बोलत," म्हणाली आणि इतकी गोड हसली, की मी तिथेच घाबरायला हवं होतं.

नानांच्या बागेतली केळीची सोळा खोडं बांबूंना जखडून तराफा झाला. "ओलं खोड झकास तरंगतं," मगन म्हणाला. तरंगत असेल; पण गाडीवर चढवताच एक बैल सरळ खाली बसला!

आखाजीनंतरच्या रविवारी पांढरीशुभ्र खादी घालून, घोषणा देत आम्ही बारा जण काठावर पोचलो. समोर बेट होतं. मधे पाणी नव्हतं. नुसती रेती! बेटावरून एक शेळी आमच्याकडे चालत येत होती.

"मगन, तापीची ही धार उन्हाळ्यात आटते, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"तुला नव्हतं?"

दोघांनाही होतं. खानदेशात कोणाला नाही? पण नकाशात शाई निळी होती, आणि कागदावरच्या गोष्टीवर माझा फार विश्वास!

मागे फिरावं तर ओसरी जाणार. "ठराव मोडायचा नाही!" मी गरजलो. "तराफा बेटावर न्यायचाच!"

मग बारा जणांनी तो डोक्यावर घेतला. वैशाखाचं ऊन, घोट्यापर्यंत रेती, आणि वरून केळीचा चीक : टोपीवर, सदऱ्यावर, मगनच्या चष्म्यावर!

बेटावर मगरी नव्हत्या, देऊळ नव्हतं. आक्काच्या सासरची टरबुजाची वाडी होती. वाडीत आक्का बसली होती, आणि शेजारी टरबूज कापत (माझं नशीब!) नाना.

"आले का जलमार्गाने?" नानांनी विचारलं.

"बठ्ठा गाव आठे पायी येस," आक्का म्हणाली (सगळं गाव इथे पायी येतं!), "माले कोनी इचारं का?"

हे मी केळीच्या बागेत, मोटेचं पाणी वाफ्यात शिरेपर्यंत मिळतो तेवढ्या वेळात लिहितो आहे. अंगात तोच सदरा आहे; डागांनी बिबट्यासारखा दिसतो. चीक कशाने निघतो, हे अजून माहेरीच असलेल्या आक्काला पक्कं ठाऊक आहे. पण ती म्हणते, "सभा बलाव, मंग सांगसू." सभा कुठे बोलावू? ओसरी बंद!

तेव्हा वाचकहो, माझी रोखठोक मागणी ऐका. तुमच्यापैकी कोणीतरी तडक यावलला या, आक्काला विचारा, आणि उत्तर बागेत मला आणून द्या. मला विचारता येत नाही. ठराव क्रमांक दोन अजून रद्द झालेला नाही, आणि खाली सही माझीच आहे!