सगळ्यांचे हातमोजे एकसारखे

सायकलवाल्यांनो, आज डोकं तापलेलं आहे, समजून घ्या.

सकाळी आमचा यवतमाळचा सायकल ग्रुप बोरी अरब गावाले गेलता. निघताना ग्रुप चालवणाऱ्या भाऊंनी सगळ्यांले नवे गादीवाले हातमोजे वाटले. रंग एक, माप एक, तेही पुरुषांच्या हाताचं. ग्रुपात आम्ही दोघीच बाया.

म्हटलं, "भाऊ, मले हे ढिले होऊन राह्यले."

"घाल ना ताई, फोटोत सारखे दिसले पाह्यजे."

घातले. अर्ध्या रस्त्यात मोज्यातली गादी सरकून बोटांखाली गोळा झाली. आधी करंगळी बधिर झाली, मग अख्खा हात. उतारावर ब्रेक किती दाबला तेच कळेना. सायकल सरळ बाजूच्या वावरात, कापसाच्या पऱ्हाटीत गेली, गुडघा फुटला.

भाऊ धावत आले. "जास्त लागलं नाही ना? मग मोजे झटकून घे, फोटो राह्यला आहे."

आता तो फोटो ग्रुपवर आला आहे. सगळ्यांचे हात वर. खाली लिहिलं आहे, 'सुरक्षित सफर'. माझ्या बोटांत अजून मुंग्या आहेत.

दुकानात मूठ वळून, तपासून घेतलेले माझ्या मापाचे मोजे तेव्हा पाठीवरच्या पिशवीतच होते. सांगा, मी ते कायले नाही घातले?