वरची शाळा, खालची शाळा

आमच्या खाडीकाठच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर पेणला जायचं. तिथं सरकारी शाळा दोन, बाजाराजवळची वरची आणि खाडीच्या अंगाची खालची. वरची चांगली, असं सगळे म्हणायचे. आत जाऊन कुणी पाहिलेलं नव्हतं.

आई मिठागरावर कामाला होती. खाडा करून ती मला वरच्या शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापकांनी तिच्या मिठानं फुटलेल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या दाखल्यावरचं गावाचं नाव वाचलं.

"जागा नाही. तुमच्याकडची मुलं खालच्या शाळेत जातात. तिथं रमतात."

आमच्या मागं एक दुकानदार त्याच्या मुलीला घेऊन उभा होता. आईनं तिकडं बोट केलं. "हिला जागा हाय?"

त्यांनी दाखला परत आमच्याकडे सरकवला.

"मंग मी बसते. जागा झाली का सांगा."

आम्ही व्हरांड्यात बसलो. येणारेजाणारे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आये, चल ना," मी म्हटलं.

"गप बस गो. आपण चोरी नाय केली."

दुपारच्या सुट्टीनंतर शिपाई प्रवेशाचा अर्ज घेऊन आला. आईनं तो घडी घालून कमरेला खोचला आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "आता खालची शाला बघते. मंग ठरवते."

ते हसले. "बाई, तुम्ही काय बघणार?"

"पोरं बघीन."

खालच्या शाळेत बाकं नव्हती, कौलं सरकलेली. एक गुरुजी फळ्यावर गणित सोडवत होते. जमिनीवर बसलेली एक मुलगी मधेच म्हणाली, "नाय गुरुजी, चुकलाव तुमी." आता तिला छडी बसणार, असं मला वाटलं. गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं आणि खडू तिच्या हातात दिला.

आई दारात बराच वेळ उभी राहिली. माझं नाव तिनं तिथंच घातलं.

गावात तिला वेड्यात काढलं. हातात आलेली चांगली शाळा सोडली म्हणून. मीही महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. वरच्या शाळेतल्या मुलींच्या निळ्या रिबिनी मला हव्या होत्या.

आठवीला दोन्ही शाळांची मुलं हायस्कुलात एकत्र आली. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांनी खालच्या शाळेतल्यांना मागच्या बाकांवर बसायला सांगितलं. बाकीचे उठले. मी पहिल्या बाकावर बसून राहिले.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं, सर. मी इथंच बसनार हाय."

वर्ग माझ्या बोलण्याला हसला. सरांनी मला उभं केलं, तासभर. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच बसले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी सांगणं सोडलं. मागं गेलेल्यांपैकी दोघी माझ्या बाकावर येऊन बसल्या.

आता गावातली शिकलेली म्हणून लोक मला विचारतात, मुलांना कुठल्या शाळेत घालू? मी खालच्या शाळेचं नाव घेते. त्यांचे चेहरे पडतात. पडू देत.