‘तिला’ आणि ‘तुला’

एखाद्याला मदत करायची असेल, तर प्रश्न कोणाला विचारायचा? उत्तर सोपे वाटते. बोलतो तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलतो तो द्वितीय, ज्याच्याविषयी बोलतो तो तृतीय. धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी हे व्याकरण शिकवत असे. त्याचा व्यवहार मात्र मी आमच्या समुपदेशक अक्कांकडे पाहून शिकलो.

अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या, बोलत अहिराणीत. दिव्यांग विद्यार्थी त्यांच्या खोलीत आला की सोबत घरचे कोणी असेच, आणि विद्यार्थ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेच देत. मग अक्का तळहात हलकेच उचलून म्हणत, “आबा, तुमना नंबर नंतर शे.”

भडगावची एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिला दिसत नसे. पहिल्या सत्रानंतर वडील तिचे नाव काढायला आले, तेव्हा वर्गशिक्षक म्हणून मी दोघांना अक्कांकडे नेले. वसतिगृहाचा जिना, रस्ता, परीक्षेला लेखनिक मिळण्याची अडचण, हे सारे वडिलांनी सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते.

“तिले नही झेपनार,” ते म्हणाले.

अक्का मुलीकडे वळल्या. “तुले काय वाटस?”

“तिले काय वाटनार?” वडील म्हणाले, आणि तळहात वर गेला. आबांना आपला नंबर कळला. ते ओशाळून हसले आणि समोरचे पाणी प्याले. शांतता मला सोसेना. मी तोंड उघडणार, तोच तळहात माझ्याकडे वळला.

“माले आठेच ऱ्हानं शे,” शेवटी मुलगी म्हणाली. “जिना माले पाठ शे.”

हे घरी का सांगितले नाहीस, असे वडिलांनी विचारले.

“कोनी इचारंच नही.”

ती राहिली. आज ती आमच्याच कार्यालयात नोकरीला आहे.

गेल्या वर्षी अक्का आम्हाला भेटायला महाविद्यालयात आल्या, त्या चाकांच्या खुर्चीत. अर्धांगवायूने जीभ जड झाली होती. उपाहारगृहातल्या माणसाने चहा आणला आणि मला विचारले, “अक्कांना साखर चालते ना?”

मी काही म्हणण्याआधी ती मुलगी खुर्चीच्या दिशेने वळली. “अक्का, तुमले साखर टाकू का?”

आम्ही थांबलो. चहावर साय धरू लागली.

“जास्ती... टाक,” अक्का म्हणाल्या.

त्यानंतर अक्का आल्या नाहीत. आता येणारही नाहीत.

माझे उत्तर एकाच व्यक्तीवरून काढलेले आहे, म्हणून ते तसेच मानू नका. पांढरी काठी घेतलेले कोणी सोबतीबरोबर दुकानात येईल, तेव्हा दुकानदार कोणाकडे पाहून विचारतो, ते कृपया स्वतः पाहा.